डेकाट्रॉनचा ठिपका पेटतो, पण जागचा हलत नाही (जीसी 10 बी)

मुक्ता_सांगली
नमस्कार मंडळी. बाबा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट होते. तिथला गायगर काउंटरचा स्केलर (पल्स मोजणारं यंत्र) भंगारात निघाला तेव्हा त्यातली एक डेकाट्रॉन नळी (आतला उजेडाचा ठिपका दहा जागांवर फिरून मोजणी दाखवतो) त्यांनी मागून घेतली आणि आजवर पेढ्यांच्या खोक्यात, कापसात गुंडाळून ठेवली. ती त्यांच्यासमोर पुन्हा मोजताना दाखवायची, एवढंच मनात आहे.

दोन ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडलेत (एक 230 चे 12 करतो, दुसरा उलटा), पुढे डबलर (व्होल्टेज दुप्पट करणारं सर्किट). मीटरवर 560 व्होल्ट येतात. अ‍ॅनोडला 1 मेगओहम, सगळे कॅथोड ग्राउंडला. दोन्ही गाईड (ठिपक्याला पुढच्या कॅथोडकडे नेणाऱ्या मधल्या काड्या) 100 के (किलोओहम) मधून 40 व्होल्टला आणि त्यांना खाली खेचायला दोन बीसी 547 ट्रान्झिस्टर, आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून.

नळी पेटते! नारिंगी ठिपका, अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा. पण एकाच कॅथोडवर बसून राहतो. एकेक टप्पा एक सेकंदाचा करून मीटर लावला, तर गाईडवर 40 आणि 0 बरोबर दिसतात. मग चुकतंय कुठे? दोन रविवार गेले.

जुना_व्हॉल्व्ह
मुक्ताताई, तुमचं मोजमाप बरोबर आहे आणि उत्तरही त्यातच आहे. गाईड 0 वर येतो, पण कॅथोडही 0 वरच आहे. मग ठिपक्याने हलायचं कशाला?

मधल्या अ‍ॅनोडच्या चकतीभोवती 30 काड्या उभ्या असतात: कॅथोड, पहिला गाईड, दुसरा गाईड, पुन्हा कॅथोड, असा क्रम. शेजारची काडी चांगलीच ऋण झाली की ठिपका तिच्यावर उडी मारतो. लगेच अ‍ॅनोडचं व्होल्टेज तिच्यामागोमाग खाली येतं, आणि मागच्या कॅथोडवर ठिपका टिकवायला ते पुरत नाही. म्हणून गाईड कॅथोडच्या 70-80 व्होल्ट खाली जायला हवा. बरोबरीला येऊन भागत नाही.

ऋण सप्लाय करत बसू नका, कॅथोडच वर उचला. ग्राउंडपासून 75 व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेज धरून ठेवणारा डायोड), त्याच्या डोक्यावर 36 व्होल्टचा. या जोडीला 560 मधून 300 के ने दीड मिलिअँप द्या, कारण नळीचा एकटा करंट झेनरला नीट धरून ठेवत नाही. कॅथोड 75 च्या सांध्याला, गाईड 220 के मधून वरच्या 111 च्या सांध्याला. ट्रान्झिस्टरने 0 ला खेचलं की गाईड कॅथोडच्या 75 खाली, सोडलं की 36 वर.

बीसी 547 मात्र काढा, तो 45 व्होल्टचा आहे. एमपीएसए 42 लावा, 300 पर्यंत चालतो. पेटल्यावर नळीवर सुमारे 190 व्होल्ट राहतात, म्हणून आता अ‍ॅनोडला 800 के ठेवा, करंट 0.37 मिलिअँपच्या आसपास येईल. शून्याचा कॅथोड वेगळ्या पिनवर असतो, तो मोकळा सोडू नका.

पराग_ठाणे
काकांच्या उत्तरात एक भर. पाव वॅटच्या साध्या रेझिस्टरवर साधारण 250 व्होल्टच्या वर टाकायचे नसतात, वॅट कितीही कमी भरोत. अ‍ॅनोडला 470 के आणि 330 के सिरीजमध्ये लावा, 300 के साठी अर्ध्या वॅटचे दोन 150 के. आणि ताई, डबलरच्या प्रत्येक कपॅसिटरवर अर्ध्या वॅटचा 470 के कायमचा बसवा, म्हणजे बंद केल्यावर तो रिकामा होईल. प्लग काढल्यावरही मीटरवर व्होल्टेज उतरलेलं दिसेपर्यंत हात लावू नका. मला एकदा बसलाय, दंड संध्याकाळपर्यंत बधिर होता.

मुक्ता_सांगली
हलला!! आधी उलटा फिरला, गाईडच्या दोन वायरी अदलाबदल केल्यावर सुलटा. प्रत्येक गाईडला अर्धा मिलिसेकंद देते आहे. पण एका ठिकाणी अडखळतो. फेरीत त्याच कॅथोडपाशी क्षणभर मागे येतो, कधी तिथेच अडकतो. मागचे दोन आठवडे ठिपका जिथे बसून होता, तीच जागा. मी नळी खराब केली का?

जुना_व्हॉल्व्ह
नाही हो. ठिपका एकाच जागी फार वेळ ठेवला की या नळ्या तसं करतात. रात्रभर फिरू द्या. यांना रिकामं बसणं मानवत नाही. इंग्लंडमध्ये हारवेल अणुसंशोधन केंद्राच्या 1951 च्या संगणकात आकडे साठवायला अशा 828 नळ्या आहेत. 2012 मध्ये ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात तो पुन्हा सुरू झाला, आजही तिथे ठिपके फिरताना पाहता येतात. तुमची तर एकच आहे.

मुक्ता_सांगली
दोन रात्री चालवली, अडखळणं थांबलं. काल बाबांना बोलावलं. काही बोलले नाहीत, चष्मा पुसला आणि खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "हळू कर, सेकंदाला एक." मनगटावरचं घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि सहा फेऱ्या मोजल्या. पूर्ण मिनिट. "बरोबर आहे," म्हणाले. आता दहाची घरं मोजायला दुसरी नळी हवी म्हणतायत. शून्याच्या कॅथोडवरून पुढच्या नळीला पल्स कसा काढायचा, कोणी सांगेल का?