द्राक्षवेलीच्या फुटीला (नव्या पालवीला) लागणारं नत्र खोडात आधीच असतं
"खरड छाटणी झाली की लगेच युरिया सोडा, फूट जोमात निघते" असा सल्ला द्राक्षबागायतदारांना दिला जातो, तो अर्धाच पटतो. (खरड छाटणी म्हणजे एप्रिलमधली, जुन्या काड्या काढायची छाटणी; युरिया म्हणजे नत्राचं खत.) फूट जोमात निघेल, पण त्या युरियामुळे नाही. द्राक्षवेलीची पहिली चार-सहा पानं खोड, ओलांडे (खोडाच्या कायम आडव्या फांद्या) आणि मुळांत साठलेल्या स्टार्च आणि अमिनो आम्लांवरच निघतात. पांढरी मुळी (अन्न-पाणी शोषणारी नवी मुळं) चालायच्या आत टाकलेला युरिया बराचसा पाण्याबरोबर खाली जातो, आणि उरलेला नको त्या वेळी लागू होतो.

ती नको ती वेळ म्हणजे छाटणीनंतरचे साधारण ४० ते ६० दिवस, घडनिर्मितीचे, म्हणजे पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांत (काडीवरच्या कळ्यांत) तयार व्हायचे. तेव्हा नत्र जास्त झालं की पेरी (काडीवरच्या दोन डोळ्यांमधलं अंतर) लांबतात, शेंडा थांबत नाही, कॅनॉपी (पानांचा पसारा) दाटून डोळ्यांवर सावली पडते. मग ऑक्टोबर छाटणीत (फळांसाठीच्या छाटणीत) घडाऐवजी बाळी (तणाव्यासारखा दोरा) निघते आणि दोष हवामानाला! म्हणून ४५व्या दिवसाच्या आसपास देठ परीक्षण (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची प्रयोगशाळेतली तपासणी) करूनच मात्रा ठरवावी.

साठ्याचीच काळजी असेल तर माल उतरल्यावर बाग वाऱ्यावर सोडू नका. पानं हिरवी असेपर्यंत पाणी आणि थोडं नत्र चालू ठेवलं तर ते मुळांत-खोडात जमा होतं, एप्रिलची फूट त्यावरच निघते.