जपानी मतदार बाईला मत देत नाही, हे खरंच कुणी तपासलंय का?

सुहास मिरजकर (धागाकर्ता)

साने ताकाइची २१ ऑक्टोबर २०२५ ला जपानच्या पंतप्रधान झाल्या. त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई. तेव्हापासून आपल्याकडच्या गप्पांत एकच टेप वाजतेय: "जपानी माणूस जुन्या वळणाचा, बाईला मत देत नाही, आता कुठे सुधारतोय." माझ्या मते यात मतदाराला फुकट आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय.

आकडे लाजिरवाणे आहेत, त्यावर वाद नाही. ४६५ जागांच्या कनिष्ठ सभागृहात २०२१ साली ४५ बायका, २०२४ साली ७३. आणि ७३ हा तेव्हाचा विक्रम! पण उभ्या किती होत्या? २०२४ च्या १३४४ उमेदवारांत ३१४. त्याआधीच्या निवडणुकीत तर १८ टक्केही नव्हत्या. दुकानात माल ठेवायचा नाही आणि गिऱ्हाईकच घेत नाही म्हणून बोंब मारायची, असला प्रकार.

मतदाराच्या मनात काय आहे ते संशोधकांनी खणून बघितलंय. पद्धत अशी: पडद्यावर दोन काल्पनिक उमेदवार शेजारीशेजारी. एक ४२ वर्षांची बाई, आधी सरकारी अधिकारी, घरात कुणी राजकारणात नाही. दुसरा ६१ वर्षांचा पुरुष, बाप खासदार होता. कुणाला मत? मग पुढची जोडी, त्यात वय, लिंग, शिक्षण, घराणं सगळं पुन्हा पिसलेलं. हजारो लोकांकडून अशा जोड्या सोडवून घेतल्या की कुठल्या गुणाने किती मतं वाढतात किंवा घटतात ते वेगळं काढता येतं. याला कॉन्जॉइंट प्रयोग म्हणतात.

होरिउची, स्मिथ आणि यामामोतो यांनी जपानी मतदारांवर असा प्रयोग केला. लोकांना जसे पुढारी हवेत आणि संसदेत जसे बसलेत, त्यांचा मेळ बसत नाही, असं दिसलं. खासदाराचा पोरगा असणं ही लोकांच्या लेखी जमेची बाजू नाही, संसदेत मात्र वारसदारांची रांग. रिएको कागे, फ्रान्सिस रोझेनब्लुथ आणि सेइकी तानाका यांचा २०१९ चा अभ्यास थेट बायकांवरच आहे. मतदार बाईच्या विरोधात असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. अडलेलं दिसलं ते उमेदवारीच्या अलीकडे. घरची जबाबदारी बाईचीच असं समाजाने ठरवून टाकल्यामुळे असल्या चोवीस तासांच्या धंद्यात बायका उतरतच नाहीत.

तर माझा मुद्दा एवढाच: दोषी कोण याची यादी करा, पण मतदाराला पहिल्या नंबरावर घालू नका.

आकडेमोड

विषय रोचक, निष्कर्ष घाईचा. तुमचेच आकडे घेतो. उमेदवारांत बायका २३.४ टक्के. निवडून आलेल्यांत ४६५ पैकी ७३, म्हणजे १५.७. मधले पावणेआठ टक्के कुणी खाल्ले? पक्षाने तर उभं केलं होतं ना?

दुसरं, अभ्यास निवडून निवडून देऊ नका. योशिकुनी ओनो आणि मासाहिरो यामादा यांनीही जपानमध्ये कॉन्जॉइंटच केला आणि उत्तर वेगळं आलं. बाई असण्याचा तोटा होतोच. शिवाय 'बाईने असं वागावं' या चौकटीबाहेर ती गेली तर आणखी मतं जाण्याचा धोका. शिशुसंगोपनावर बोललीस तर ठीक, संरक्षणावर बोललीस तर तुझा काय संबंध, साधारण अशा थाटाचा मामला. हा मतदाराचा दोष नाही तर कुणाचा?

प्राची ठा.

@आकडेमोड, ते पावणेआठ टक्के कुठे गेले ते सांगते. उमेदवार बाई कुठून उभी आहे ते बघा. जपानी कम्युनिस्ट पक्ष बायकांना भरपूर उमेदवारी देतो, पण त्यातल्या बहुतेक मतदारसंघांत त्यांचा पुरुषही पडतो. निवडून येण्याची हमी असते सत्ताधारी एलडीपीच्या (लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या) तिकिटावर, आणि तिथे २०२४ ला निवडून आलेल्या १९१ जणांत बायका फक्त १९. मुख्य विरोधी पक्षाच्या १४८ मध्ये ३०.

एलडीपीला बायका नकोत म्हणून नव्हे, जागाच मोकळी नसते. ४६५ पैकी २८९ एकसदस्यीय मतदारसंघ. विद्यमान खासदाराला तिकीट पहिलं, हा अलिखित कायदा. तो निवृत्त झाला की त्याचं कोएनकाई, म्हणजे वर्षानुवर्षं जपलेलं समर्थकांचं मंडळ, मुलाच्या नाहीतर जावयाच्या नाहीतर सेक्रेटरीच्या ओटीत. बाहेरच्या बाईने उभं राहायचं तर अनामत रक्कमच ३० लाख येन, आणि एक दशांश मतं मिळाली नाहीत तर ती बुडाली. कुठली नोकरदार आई हा जुगार खेळेल?

२०१८ साली कायदा केला की पक्षांनी स्त्री-पुरुष उमेदवार शक्य तितके समान ठेवावेत. 'शक्य तितके' हे शब्द कायद्यातच आहेत आणि दंड काही नाही. झालं.

तिरकस

कॉन्जॉइंट वगैरे जाऊ द्या, जपानने स्वतःवरच एक प्रयोग करून ठेवलाय. बायकांना मताचा हक्क मिळाल्यावरची पहिली निवडणूक १० एप्रिल १९४६. युद्धात हरलेला, भुकेलेला, अमेरिकी फौजांच्या ताब्यातला देश. त्या देशाने ३९ बायका निवडून दिल्या. पुढच्या वर्षी, १९४७ ला, १५. हा ३९ चा आकडा ओलांडायला २००५ साल उजाडलं, तेव्हा ४३ झाल्या.

वर्षभरात मतदार पुराणमतवादी झाला का? बदलली मतपत्रिका. १९४६ ला मोठमोठे मतदारसंघ होते आणि बहुतेक ठिकाणी मतदाराला दोन किंवा तीन नावं लिहिता येत. एक नाव गावच्या बड्या असामीचं लिहायचं आणि दुसरं बाईचं, कुणी दुखावत नाही. १९४७ ला मतदारसंघ लहान केले आणि नाव एकच लिहायचं. दुसरं नाव गेलं, त्याबरोबर बायकाही गेल्या. (जपानी मतदार आजही कागदावर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो, म्हणून ही भाषा शब्दशः घ्यावी.)

आकडेमोड

@तिरकस, उदाहरण झकास, पण दोन्ही बाजूंनी कापतं. एकतर १९४६ ला अमेरिकी अंमलाने युद्धकाळातले पुढारी घाऊक प्रमाणात अपात्र ठरवले होते, म्हणजे मैदान रिकामं होतं. आणि दुसरं, तुम्हीच म्हणताय की बाईचं नाव *दुसरं* होतं. एकच मत हातात आलं की माणूस पुरुषाला देतो, हाच तर माझा मुद्दा!

तिरकस

पुरुषाला नाही हो, ओळखीच्या माणसाला. १९४६ ला ओळखीचे सगळे पुरुष होते, कारण त्याआधी बायकांना उभं राहायचीच बंदी होती. कसोटी सोपी आहे: मोठे मतदारसंघ उरलेत तिथे आजही बायका जास्त निवडून येतात का? तोक्योच्या वॉर्ड सभा, म्हणजे शहरातल्या एकेका विभागाच्या निवडून दिलेल्या सभा, बघा.

निशी-कासाईची मेधा

वॉर्ड सभांचा विषय निघालाच आहे तर बोलते, कारण मी एदोगावा वॉर्डात राहते. इथे ४४ सदस्य आणि सगळा वॉर्ड मिळून एकच मतदारसंघ. थोडी मतं जमवली तरी माणूस आत जातो. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ साली इथूनच निवडून आले. जन्माने भारतीय, मराठी घरातला माणूस एकसदस्यीय मतदारसंघातून आला असता का? माझं उत्तर नाही. बायकांनाही हेच दार उघडं सापडतं. पलीकडे सुगिनामी वॉर्डात सातोको किशिमोतो २०२२ ला अवघ्या १८७ मतांनी महापौर झाल्या आणि पुढच्या वर्षी तिथल्या ४८ जणांच्या सभेत बायका सुमारे निम्म्या झाल्या. तेव्हा तिरकसरावांशी सहमत.

पण मतदाराला क्लीन चिट देणाऱ्यांनी इथला प्रचार एकदा बघावा. घरोघरी जाऊन मतं मागायला बंदी आहे, म्हणून सकाळी आठ ते रात्री आठ भोंग्याची गाडी फिरते. गाडीवर ढोबळ अक्षरांत पुरुषाचं नाव, आणि माइकवर बाई: गोड, उंच पट्टीतला आवाज, तेच नाव पुन्हा पुन्हा, "कृपया, कृपया", पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात. या बायकांना 'उगुइसु-जो' म्हणतात, उगुइसु म्हणजे गोड गळ्याचा पक्षी. त्यांचा रोज कायद्याने १५,००० येनपर्यंत बांधलेला. २०१९ ला हिरोशिमात आन्री कावाई यांच्या प्रचारात तो दुप्पट दिला, ते प्रकरण कोर्टात गेलं. सांगायचं काय, तर राजकारणात बाईचा आवाज इथे रोज ऐकू येतो, फक्त तो दुसऱ्याचं नाव पुकारत असतो. आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

मुलाच्या शाळेच्या पालक संघातही तेच. हजेऱ्या, पत्रकं, नाक्यावर झेंडा घेऊन उभं राहणं, सगळं आयांनी करायचं. अध्यक्ष मात्र कुणाचा तरी बाबा, जो वर्षातून दोनदा भाषणाला येतो. त्याला निवडणाऱ्या बहुतेक आयाच. मी एकदा शेजारणीला विचारलं, तुम्हीच का नाही होत? तिने एवढं हसून हात हलवला की मी विषय बदलला.

अण्णा बेळगावकर

मेधाताई, छान लिहिलंत. पण आपण कुठल्या तोंडाने जपानला नावं ठेवायची? २०२४ च्या लोकसभेत ५४३ मध्ये ७४ बायका. महाराष्ट्राला आजवर एक बाई मुख्यमंत्री मिळाली नाही. (गोव्याला शशिकलाताई काकोडकर १९७३ लाच मिळाल्या, ते सोडा.) आपल्याकडे पंचायतीत निम्म्या बायका आहेत त्या आरक्षणामुळे, मतदाराच्या मोठ्या मनामुळे नव्हे. जपानने आरक्षण आणावं, विषय संपला.

प्राची ठा.

अण्णा, आपल्याला नावं ठेवायला वेगळा धागा काढू, त्यात मीही येते. पण आरक्षणाचा मुद्दा इथे लागू आहे. एकसदस्यीय मतदारसंघ राखीव करायचे तर विद्यमान खासदाराला उठवावं लागतं, आणि कायदा करणार कोण, तर तेच खासदार.

आकडेमोड

मेधाताईंच्या प्रतिसादातली एक गोष्ट पुढे नेतो. जपानच्या कॅबिनेट ऑफिसने स्थानिक लोकप्रतिनिधींची पाहणी केली होती. प्रचारात किंवा कामात त्रास, छळ झाला असं सांगणाऱ्या बायका ५७.६ टक्के, पुरुष ३२.५. त्रास देणारे फक्त सहकारी नाहीत, मतदारही आहेत. हस्तांदोलन करताना हात न सोडणारा, फोटोच्या निमित्ताने कमरेला हात घालणारा, "मत हवंय ना, मग जेवायला चल" म्हणणारा. यालाही जपानीत स्वतंत्र नाव पडलंय, 'हॅरासमेंट'चं 'हारा' आणि मताचं 'ह्यो' जोडून. २०२१ साली २०१८ च्या त्या कायद्यात दुरुस्ती करून हा त्रास रोखण्याचं कलम घालावं लागलं.

आता सुहासराव, तुमच्या पडद्यावरच्या काल्पनिक बाईला कुणी हात लावू शकत नाही. तिथे मतदार सभ्यच असणार. शिवाय सर्वेक्षणात 'मी बाईला मत देणार नाही' असं कोण कबूल करतं? खाजगीत वेगळं, कागदावर वेगळं.

सुहास मिरजकर

कबुलीचा प्रश्न कॉन्जॉइंटमध्ये बराच सौम्य होतो. बाई हवी की पुरुष असं थेट विचारतच नाहीत. सहा-सात गुणांच्या गठ्ठ्यात लिंग हा एक गुण असतो, तेव्हा 'मी तर घराणेशाहीला विरोध म्हणून नाकारलं' असं स्वतःलाही सांगता येतं. नकाराला आडोसा मिळतो, आणि तरीही मोठा नकार सगळ्या अभ्यासांत दिसत नाही, ही गोष्ट तुम्ही बाजूला सारताय.

छळाचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. हजार मतदारांतले पाच जरी असे निघाले तरी निकालावर काडीचा फरक पडत नाही, पण उमेदवार बाई पुढच्या वेळी उभी राहत नाही. म्हणजे तोटा पुन्हा उमेदवारीच्या अलीकडेच झाला. कागे मंडळींनी दाखवलं तिथेच.

ताकाइचींचंच बघा. एलडीपीच्या अध्यक्षपदाला त्या २०२१ ला हरल्या, २०२४ च्या दुसऱ्या फेरीत इशिबांकडून २१५ विरुद्ध १९४ अशा हरल्या, आणि ४ ऑक्टोबर २०२५ ला कोइझुमींना १८५ विरुद्ध १५६ ने हरवलं. शेवटच्या दोन्ही वेळा साध्या पक्षसदस्यांत त्या जोरात होत्या. एलडीपीचा साधा सदस्य म्हणजे काय पुरोगामी नव्हे. त्याला बाई चालली.

मेधा (निशी-कासाई)

चालली, पण कशी बाई? निवडून आल्याआल्या पक्षाच्या खासदारांसमोर त्या म्हणाल्या की वर्क-लाइफ बॅलन्स हा शब्दच मी टाकून देते, काम, काम, काम, काम आणि काम करणार. संरक्षणात कडक, आदर्श मार्गारेट थॅचर, लग्नानंतर नवरा-बायकोची आडनावं वेगळी ठेवू देण्याला विरोध. सुहासजी, घरामुळे बायका उभ्या राहत नाहीत असं तुमचा अभ्यास म्हणतो, आणि सर्वात वर पोचलेली बाई घर बाजूला टाकल्याची ग्वाही देऊन पोचते. माझ्या ऑफिसातल्या जपानी मैत्रिणींनी ते भाषण ऐकलं तेव्हा कुणालाच 'आता माझाही नंबर' असं वाटलं नाही. एकीने विचारलं, आता आमच्या साहेबाला काय सांगायचं?

आकडेमोड

आणि ओनो-यामादांचं काय झालं? चौकटीबाहेर गेली की शिक्षा, म्हणे. ताकाइची तर पूर्ण चौकटीबाहेर. माझ्याच अभ्यासाला छेद जातो हे दिसतंय मला, कुणी बोट दाखवायच्या आधी सांगतो. माझा अंदाज, पक्ष आणि विचारसरणी ठाऊक असली की लिंग मागे पडतं. अनोळखी बाई पहिल्यांदा वॉर्डात उभी राहते तेव्हा ते पुढे येतं.

तिरकस

म्हणजे ओळखीचा माणूस. मी वर काय म्हणत होतो?

अण्णा बेळगावकर

ताकाइचींनी मंत्रिमंडळात नॉर्डिक देशांच्या तोडीने बायका घेऊ म्हटलं होतं. घेतल्या दोन: कातायामा अर्थखात्याला, ओनोदा आर्थिक सुरक्षेला. ते मंत्री काय मतदाराने निवडून नेमले होते? हा हिशेब कुणाच्या खात्यावर टाकायचा ते आकडेमोडसाहेबांनी सांगावं.