शोध, एकस्व, अब्जांश, गुण: नॅनो औषधांच्या पेटंटमधले अडलेले शब्द

अनुवादात अडकलेला:
नॅनो औषधांच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात दिल्या जाणाऱ्या औषधांच्या, पेटंटवरचा एक मजकूर मराठीत करायला घेतलाय आणि दुसऱ्याच ओळीत गाडी अडलीय. कायदा म्हणतो नुसती डिस्कव्हरी असेल तर पेटंट नाही, इन्व्हेन्शन पाहिजे. आता आपण दोन्हीला शोधच म्हणतो की! न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसनने फोनोग्राफचाही शोधच लावला. मग मी काय लिहू, "शोधाला पेटंट मिळत नाही, शोधालाच मिळतं"? एकाने आविष्कार सुचवला पण कानाला पटेना. शिवाय पेटंटला एकस्व लिहायचं का आणि नॅनोला अब्जांश, हेही सांगा.

दोन भाषांत पाय असलेली:
आविष्कार नको हो. हिंदीत बरोबर आहे, मराठीत आविष्कार म्हटलं की कलाविष्कार, कुणीतरी गातंय नाहीतर नाचतंय. या कायद्यात हिंदी-मराठीची अशी बरीच गंमत आहे. २००५ चा "पेटेंट (संशोधन) अधिनियम" मी पहिल्यांदा हिंदीतून वाचला तेव्हा वाटलं वा, संशोधनासाठी वेगळा कायदा केलाय, चार पानं गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला की संशोधन म्हणजे तिकडे दुरुस्ती, आणि रिसर्चला ते शोध म्हणतात. म्हणजे आपला शोध त्यांचा आविष्कार, आपलं संशोधन त्यांचा शोध.
मी स्वतः क्रियापदाने भागवते. आधीपासून होतं ते "सापडलं", नव्हतं ते "घडवलं". नामच पाहिजे असेल तर इन्व्हेन्शनला नवनिर्मिती. जरा जड आहे पण गैरसमज तरी होत नाही.

मूठवाला:
एकस्वबद्दल. सरकारी परिभाषेतला शब्द आहे, चुकीचा म्हणवत नाही, पण त्यातून "हे माझं एकट्याचं" एवढंच कळतं आणि वाचणाऱ्याला वाटतं पेटंट मिळालं म्हणजे औषध विकायचा परवाना मिळाला. तसं नाहीये. पेटंट म्हणजे दुसऱ्याला मज्जाव करायचा हक्क, तोही अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. तुमचं औषध बाजारात आणायला औषध खात्याची परवानगी वेगळी लागते, आणि तुमच्या कणात दुसऱ्याच्या पेटंटमधलं मेदाचं मिश्रण असेल तर तो तुम्हालाच अडवू शकतो.
आणि पेटंट या शब्दाचं मूळ बघा, लॅटिनमध्ये "उघडं असणं". राजाचं मोहोर लावलेलं पण न मिटलेलं पत्र, कुणीही वाचावं असं. सौदाच तो आहे, कृती जगापुढे मांड आणि त्याबदल्यात ठरावीक वर्षं हक्क घे. ज्याला सांगायचं नाही त्याने झाकली मूठ ठेवावी, म्हणजे व्यापारी गुपित. नॅनोवाले दोन्ही करतात बरं का, कण कसला ते पेटंटमध्ये आणि कारखान्यातल्या बारीकसारीक खुब्या जमेल तेवढ्या मुठीत. डॉक्सिल हे मेदाच्या पिशवीतलं कॅन्सरचं औषध अमेरिकेत १९९५ ला मंजूर झालं आणि तिथे त्याचं पहिलं जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच औषध, आलं २०१३ मध्ये. नुसती पेटंटची मुदत संपून भागत नाही, तशी पिशवी बनवताही यावी लागते.
म्हणून मी पेटंटच लिहितो. फक्त बोलीतला पेटंट बरोबर उलटा आहे. "त्याचं पेटंट उत्तर" म्हणजे शंभरदा ऐकलेलं, आणि कायद्याला पाहिजे आधी कुणी न ऐकलेलं.

कण मोजणारा:
अब्जांश हा मला मराठीत जमलेल्या मोजक्या शास्त्रीय शब्दांपैकी एक वाटतो, अब्ज म्हणजे एकावर नऊ शून्यं, त्याचा अंश, हिशोब चोख. नॅनो मूळचा ग्रीक, अर्थ खुजा, म्हणजे मूळ शब्दापेक्षा आपला जास्त नेमका.
पण पेटंटमध्ये नेमकेपणाच नडतो. नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर ही व्याख्या सगळे तोंडपाठ म्हणतात, आणि अ‍ॅब्राक्सेन या कॅन्सरच्या औषधाचा कण आहे साधारण १३० चा! मग ते नॅनो नाही का? सगळे नॅनोच म्हणतात. त्यामुळे पेटंटच्या दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणाऱ्या मजकुरात, नुसतं "अब्जांश कण" लिहून चालत नाही, आकडा आणि तो कसा मोजला हेही लागतं.
दुसरी भानगड शोधाशोधीची. नॅनो हा शब्द फॅशनमध्ये यायच्या आधी लोक याच वस्तूंना कोलॉइड, लायपोसोम, मायसेल, सबमायक्रॉन कण असं काहीबाही म्हणायचे, त्यामुळे "नॅनो" टाकून जुनी पेटंटं शोधली तर निम्मं जग सुटतं आणि आपण समजतो आपणच पहिले. त्यासाठीच युरोपच्या पेटंट ऑफिसने २००४ मध्ये नॅनोसाठी वेगळी खूण केली आणि २०११ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बी८२वाय हा वेगळा कप्पा आहे. शब्दावर भरवसा नाही म्हणून नंबर दिला, आता बोला!

अनुवादात अडकलेला:
भारीच. आता खरी डोकेदुखी. आपल्या कायद्याचं कलम ३(घ). ओळखीच्या पदार्थाचं नवं रूप काढलं आणि त्याची "एफिकसी" वाढली नाही तर पेटंट नाही. कोशात परिणामकारकता, प्रभावकारिता, कार्यक्षमता असं सगळं आहे. कुठला घेऊ?

दोन भाषांत पाय असलेली:
गुण! डॉक्टरचं औषध घेतलं, गुण आला. याच्याइतका चपखल शब्द इंग्रजीतही नाही.
आणि नॅनोवाल्यांची खरी गोची याच कलमात आहे. त्याच्या स्पष्टीकरणात क्षार, स्फटिकरूपं वगैरेंच्या यादीत "कणाचा आकार" स्पष्ट लिहिलाय, म्हणजे जुनं औषध दळून बारीक केलं तर ते जुनंच धरणार, गुणाच्या बाबतीत मोठा फरक दाखवा मग बोलू. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या खटल्यात १ एप्रिल २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की औषधाच्या बाबतीत एफिकसी म्हणजे रोगावरचा गुण. कंपनी म्हणत होती आमच्या नव्या स्फटिकाची जैवउपलब्धता ३० टक्क्यांनी जास्त आहे, कोर्ट म्हणालं नुसतं तेवढ्याने नाही, गुण वाढल्याचा पुरावा कुठाय? थोडक्यात, रक्तात जास्त पोचलं हे वेगळं आणि लागू पडलं हे वेगळं. मराठी आजीला हा फरक समजावून सांगावा लागला नसता.

कण मोजणारा:
पण ताई, तुमच्या गुणात त्रास कमी होणं बसतं का? पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून जुन्या इंजेक्शनात एरंडेलापासून केलेलं द्रावक घालायचे आणि त्याची काहींना जोरदार अ‍ॅलर्जी यायची. अ‍ॅब्राक्सेनमध्ये हेच औषध अल्ब्युमिन या प्रोटीनला बांधलं, द्रावकच गेलं. रोग्याला विचाराल तर तो म्हणेल हाच मोठा गुण.

दोन भाषांत पाय असलेली:
तिथे माझी दांडी गुल. आपण "गुण आला पण त्रास झाला" असं म्हणतो, म्हणजे मराठीत तरी दोन गोष्टी वेगळ्याच. कोर्टापुढेही हा मुद्दा आला होता, विषारीपणा कमी झाला तर तो गुणात धरायचा का, आणि त्यांनी त्यावर काही न ठरवता तो तसाच मोकळा ठेवला.

अनुवादात अडकलेला:
मग हे बघा: "ज्ञात पदार्थाचं नुसतं नवं रूप सापडलं आणि त्याने आधीपेक्षा जास्त गुण येत नसतील, तर ती नवनिर्मिती नव्हे."

मूठवाला:
"आधीपेक्षा" नको, "ज्ञात गुणापेक्षा" करा, कायद्यात तसंच आहे. आणि "गुण येत नसेल" असं एकवचनीच ठेवा, अनेकवचन केलंत की परीक्षेतले मार्क होतात.