टस्कगी प्रकरणात सरकारी माणसांना शिक्षा झाली का?

रानवारा७: काल टस्कगीबद्दल वाचत बसलो, डोकंच फिरलं. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने १९३२ ते १९७२, म्हणजे चाळीस वर्षं, अलाबामातल्या ३९९ काळ्या माणसांचा सिफिलिस (गुप्तरोग) मुद्दाम बरा न करता नुसता बघत बसायचं, आणि त्यांना सांगायचं काय तर तुमचं 'रक्त खराब' आहे. १९४७ पर्यंत पेनिसिलिन सर्रास वापरात आलं होतं तरी दिलं नाही!! मग जेलमध्ये कोण गेलं?

चहाटळ: कोणीच नाही. कोर्टात दावा झाला, १९७४ मध्ये १ कोटी डॉलरवर तडजोड. माफी मागायला १९९७ उजाडलं, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी मागितली, तोवर मोजून आठ जण जिवंत. त्याच १९७४ मध्ये माणसांवरच्या संशोधनाचा कायदा आला हे खरं, पण वरातीमागून घोडं.

मीनल_के: आपल्याकडचं पण बघा की. २००९ मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस) प्रकल्प झाला, मुली १०-१४ वयाच्या, बऱ्याच आदिवासी, आणि कितीतरी संमतीपत्रांवर सही आईबापाची नाही तर हॉस्टेलच्या वॉर्डनची. (लस वाईट असं म्हणत नाहीये हां, प्रकल्पातल्या काही मुली दगावल्या, पण त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सापडला नाही.) २०१३ मध्ये संसदीय समितीने आयसीएमआरलाही (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) झापलं.

रानवारा७: वॉर्डनची सही?? आमच्याकडे सहलीला पण पालकांची लागायची यार

चहाटळ: आता औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत एथिक्स कमिटी (चाचणी नीतीला धरून आहे का ते बघणारी समिती), नुकसानभरपाई सगळं आहे. कागदावर.