शब्दचर्चा: दहशतवादी हल्ल्याला ‘युद्ध’ म्हणावं का?

लोणारकर: मे 2025 मध्ये केंद्र सरकारकडून सांगण्यात आलं की यापुढचा दहशतवादी हल्ला ‘ॲक्ट ऑफ वॉर’ समजला जाईल. मराठीत कोणी याला ‘युद्धाची कृती’ म्हणतं, कोणी सरळ ‘युद्ध’. बरोबर शब्द कोणता? फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामात 40 जवान गेले, त्यात दोघे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे. ‘हल्ल्यात गेले’ म्हणणं मला कमीच वाटतं. लढाईतच गेले ते.

कुरखेडेकर: दादा, जवानांबद्दलची भावना अगदी खरी. पण ‘युद्ध’ हा शब्द कागदावर चढला की त्याचे परिणाम गावापर्यंत येतात. मी गावात लोकांचे अर्ज भरून देतो, त्यातलं सांगतो. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. घरातला माणूस अपघातात गेला तर 2 लाख रुपये मिळतात. मदत कशात मिळते त्या यादीत वीज पडणं, सर्पदंश, खून यांच्या सोबतीने ‘नक्षलाईटकडून झालेली हत्या’ स्पष्ट लिहिलेली आहे. आणि कशात मिळत नाही त्या यादीत एक शब्द आहे, ‘युद्ध’. आता आमच्या गडचिरोलीकडच्या एखाद्या शेतकऱ्याला नक्षलींनी रात्री घरातून उचलून नेऊन मारलं आणि सरकारी कागदावर त्याला युद्ध म्हटलं, तर त्याच्या बायकोने अर्ज कोणत्या रकान्यात भरायचा?

दुसरं, कसाबचं. त्याला इतर कलमांबरोबर भारतीय दंड संहितेच्या कलम 121 खालीही फाशी झाली. ‘भारत सरकारविरुद्ध युद्ध करणे’ हाच तो गुन्हा. आता तो भारतीय न्याय संहितेत कलम 147 मध्ये आहे, दहशतवादी कृत्याचं कलम 113 वेगळं. पण कलम 121 मधलं युद्ध म्हणजे दोन देशांतली लढाई नव्हे. पकडलेला शत्रूसैनिक युद्धकैदी असतो. 1949 च्या जिनिव्हा करारानुसार लढाई थांबली की त्याला परत पाठवावं लागतं, आणि नुसता लढला म्हणून त्याच्यावर खटला चालत नाही. सीएसटीवर बायकापोरांवर गोळ्या झाडणाऱ्याला तो मान कशासाठी द्यायचा? तो खुनी होता, म्हणून कोर्टात उभा राहिला.

मेहकरकर: भाऊ, कागदाचं पटलं. पन तिकडून बंदुका देऊन मानसं पाठोते, त्याचं काय? त्याले बी निस्ता खूनच म्हनाव काय? मंग पाठोनारा सुटला ना!

कुरखेडेकर: नाही, तो सुटता कामा नये. त्याच्यासाठी ‘आक्रमण’ हा शब्द आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1974 मध्ये आक्रमणाची व्याख्या केली. एखाद्या देशाने दुसऱ्या देशावर सशस्त्र टोळ्या पाठवल्या आणि त्यांचं कृत्य सैन्याच्या हल्ल्याइतकंच गंभीर असलं, तर तेही आक्रमण, असं त्यात आहे. म्हणजे पाठवणाऱ्या देशाने केलं ते आक्रमण, त्याला लष्कराने उत्तर द्यावं. गोळी झाडणाऱ्याने केलं ते दहशतवादी कृत्य, त्याला फौजदारी कोर्टाने. सरकारचं मे 2025 चं म्हणणं पाठवणाऱ्याबद्दल असेल तर माझी तक्रार नाही. पण ‘ॲक्ट ऑफ वॉर’ला मी मराठीत ‘युद्ध’ लिहिणार नाही.

लोणारकर: मग गडचिरोलीच्या नक्षली हल्ल्यांना काय? तिथे तर दुसरा देशच नाही.

कुरखेडेकर: म्हणूनच तिथे ‘युद्ध’ मुळीच नको. नक्षली स्वतःच त्याला जनयुद्ध म्हणतात, त्यांचा शब्द आपण का उचलायचा? 1 मे 2019 ला आमच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ त्यांनी भूसुरुंग उडवला. 15 पोलीस जवान गेले आणि खासगी गाडीचा चालकही गेला. ‘भूसुरुंगाचा घातपात’ लिहा, आणि चालकाला ‘अन्य एक’ लिहू नका.