हंगर गेम्स : तीन भाग संपले, आता चौथा की थेट पाचवा?

मांडवीकाठ
भाची नववीत आहे, म्हापशाला. सुझान कॉलिन्सची 'हंगर गेम्स' मालिका, मुलांना मरेपर्यंत एकमेकांशी लढवणाऱ्या वार्षिक खेळांची, त्यातली 'द हंगर गेम्स', 'कॅचिंग फायर', 'मॉकिंगजे' तिन्ही तिने ओळीने वाचून काढली. आता तिला पाचवं 'सनराइज ऑन द रीपिंग'च हवंय, कारण वर्गात सगळ्यांच्या तोंडी तेच. गणेश चवथीला घरी येईल तेव्हा हातात ठेवावं म्हणतेय. मधलं 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' जाडजूड, त्यातून खलनायक राष्ट्राध्यक्ष स्नोच्या तरुणपणावर, म्हणून ती नाक मुरडते. ते गाळलं तर काही अडेल का? नाहीतरी दोन्ही मूळ गोष्टीच्या आधीचीच ना? रहस्य फोडू नका, मीही वाचणार आहे.

शेवंतीची वेणी
गाळू नकोस गं. 'बॅलड' दहाव्या खेळांचं, म्हणजे नायिका कॅटनिसच्या खेळांच्या ६४ वर्षं आधीचं. 'सनराइज' पन्नासाव्या खेळांचं, २४ वर्षं आधीचं, तिचा पुढे मार्गदर्शक होणाऱ्या, तेव्हा सोळा वर्षांच्या हेमिचच्या तोंडून. पण कॉलिन्सबाईंनी ती लिहिली २०२० आणि २०२५ मध्ये, पहिली तीन (२००८ ते २०१०) वाचून झालेला वाचक समोर धरून. पाचव्यात हेमिचची प्रेयसी लेनोर डव्ह आहे, ती कोव्ही. हे गाणारे लोक कोण, त्यांची नावं अशी का, हे सगळं चौथ्यात येऊन गेलंय. स्नो एका ठिकाणी हेमिचशी जे बोलतो, त्यातला डंख 'बॅलड' वाचलेल्यालाच लागतो. बाकीच्यांना तो नुसता खवचट म्हातारा वाटेल.

आणि एक काम आधी करायला सांग. 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिस आणि तिचा साथीदार पीटा हेमिचच्या खेळांची जुनी टेप बघतात ना, ती पानं पुन्हा वाच म्हणावं. 'सनराइज'ची सगळी मजा (मजा कसली म्हणा) तिथेच आहे. टेपवर दिसलं ते काय आणि रिंगणात घडलं ते काय. कॅपिटॉलने, म्हणजे खेळ भरवणाऱ्या राजधानीने, कुठे कात्री चालवली ते पानागणिक उघडं पडतं. सुरुवातीला प्रचाराबद्दलची अवतरणं दिली आहेत, त्यात डेव्हिड ह्यूमही आहे. ती ओलांडून पुढे जाऊ देऊ नकोस.

रापणकार
मी 'बॅलड' न वाचता 'सनराइज' वाचलं, काही अडलं नाही. दर जिल्ह्यातून दुप्पट मुलं, एकूण ४८, पुस्तक खाली ठेवता येत नाही. 'बॅलड'मध्ये खेळ संपले तरी अख्खा तिसरा भाग उरतो. पोरगी तिथे अडकली तर पुढचंही वाचायची नाही. त्यापेक्षा २०२३ चा सिनेमा दाखवा आणि मोकळे व्हा.

शेवंतीची वेणी
रापणकार, तो तिसरा भाग काढला तर 'बॅलड'मध्ये राहिलं काय? आणि सिनेमात स्नोचं डोकं दिसत नाही हो. पुस्तकात तो प्रत्येक नीचपणा स्वतःला कसा पटवून देतो ते शब्दाशब्दाने कळतं. एक मात्र मान्य, बाकी चारही पुस्तकं 'मी' म्हणून सांगितलेली आणि हे एकच 'तो' म्हणून. कॅटनिसच्या आवाजाची सवय झालेल्या मुलीला सुरुवातीला कोरडं वाटणार.

फोंड्याची बाई
शाळेत ग्रंथालय सांभाळते, म्हणून वयाबद्दल बोलते. तिन्ही पचवली आहेत तर नववीच्या मुलीला ही चालतील. पण 'सनराइज' जास्त जड आहे. हेमिचच्या घरच्यांचं काय झालं ते 'मॉकिंगजे'मध्ये दोन-तीन वाक्यांत उरकलंय, इथे ते पुरतं भोगावं लागतं. शेवटची प्रकरणं तिने रात्री एकटीने वाचण्यापेक्षा तुम्ही घरात असताना वाचलेली बरी.
पहिल्या भागात कॅटनिसला मैत्रीण मॅजने दिलेली मॉकिंगजे पक्ष्याची पिन आठवते का विचारा. ती मूळ जिची, ती मेसिली डॉनर इथे भेटते. आमच्याकडच्या मुली हेमिचपेक्षा तिच्यावरच जास्त बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

रापणकार
मेसिलीबद्दल दुमत नाही. आणि घाई असेल तर नीट करा, 'सनराइज'चा सिनेमा २० नोव्हेंबर २०२६ ला आहे. तेव्हा पणजीत इफ्फी चित्रपट महोत्सव, गाडी लावायला जागा मिळायची नाही ती वेगळीच गोष्ट.

मांडवीकाठ
सगळ्यांचे आभार. ठरलं, दोन्ही देते, आधी 'बॅलड'. पहिल्या भागात कंटाळली तर रापणकारांचं ऐकून सोडायची मुभा. 'सनराइज' विकतच घेईन, पण सोडलं जाण्याची शक्यता असलेल्या पुस्तकावर पैसे नको वाटतात. पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात 'बॅलड' मिळेल का?

फोंड्याची बाई
तिथे चौकशी कराच. नाही मिळालं तर माझी स्वतःची प्रत आहे. पुढच्या आठवड्यात पणजीला येणार आहे, निरोप पाठवा. फक्त पानांचे कोपरे दुमडू नका.