दूध कमी केल्यानं खरंच फरक पडतो का?

रामबागची आई: २०२१ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मोदींनी २०७०चं नेट झीरो, म्हणजे पृथ्वी तापवणारे वायू जेवढे सोडू तेवढे शोषूनही घेऊ, असं जाहीर केलं, पण लेक म्हणते तोवर थांबायचं कशाला, आपल्या घरातलं दूध कमी कर. रोज रात्री विरजण लावणारं घर आमचं, काय करू?

पिठलंभाकरी: लेक बरोबर बोलतेय ताई. म्हशी रवंथ करताना ढेकरांतून मिथेन सोडतात, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो तो. आम्ही दूध निम्म्यावर आणलं, मटकीची उसळ, दाण्याचं कूट, पिठलं हे तर आपलंच आहे की!

राजवाडाकर: पाणी तुंबलेल्या भातखाचरांतूनही मिथेन निघतो, म्हणून ज्वारी वाढवा. आणि ओला कचरा नीट वेगळा द्या, आपल्या इंदूरच्या देवगुराडियाला त्याचाच बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांसाठीचा गॅस, बनतो. मत मागायला येतील त्यांनाही २०७०च्या आधी काय करणार ते विचाराच.

रामबागची आई: उद्यापासून अर्धा लिटर कमी सांगते दूधवाल्याला.